मागच्या फाटकाची निळी

प्रिय भिंगरे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू फसली असशील. ते माळीणमावशीचं आहे. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकून देतेस, असा मला दाट संशय आहे. मागच्या दोन्ही पत्रांची पोच नाही. मधले काही दिवस मला वाटत होतं की टपालवाल्याच्याच मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. मावशी म्हणाली, दादा, त्या बिचाऱ्याला दुसरी कामं असतात. असतील. तर आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मुद्द्याचं बोलायला मला नेहमी उशीर होतो हे तुला माहीत आहे, तेव्हा तेवढा धीर धर.

बागेत कापणी सुरू झालीय. मधला माळ अर्धा कापून झाला, अर्धा अजून उभा आहे. कापलेलं गवत पाच-सहा दिवस तसंच पसरून ठेवायचं, उलटंपालटं करायचं, म्हणजे त्यातलं बी खाली झडतं, आणि मगच ते ओढून बाहेर न्यायचं. तू लहानपणी विचारायचीस, तिथंच कुजू दिलं तर खत नाही का होणार? होतं ना, तेच तर नको असतं. रानफुलांना गरीब माती लागते. माती सुखवस्तू झाली की गवत माजतं आणि फुलं निघून जातात. या दिवसांत बघायला येणाऱ्यांची तोंडं मात्र उतरलेली असतात. फुलं कुठायत, असं फाटकावर विचारतात, जणू मीच ती घरी नेऊन ठेवलीत. मग मी जांभळ्या घंटेचं वाळलेलं बोंड त्यांच्या कानाशी हलवून दाखवतो. आत बी खुळखुळतं. काहींना मजा वाटते, काही माझ्यापासून दोन पावलं लांब सरकतात. पिवळी टिकली यंदा अकरा दिवस आधी फुलली, तसं पहिल्या फुलांच्या वहीत लिहून ठेवलंय. मधमाश्या आपल्या नेहमीच्या वेळेला आल्या, त्यामुळे दोघींची जरा चुकामूकच झाली. पुढच्या फाटकावरचा बूट घासायचा ब्रश झिजला होता, तो बदलला. तळवे घासल्याशिवाय अजूनही कुणाला आत सोडत नाही. परवा एक नवरदेव फोटो काढायला आला होता, त्यालाही नव्या कोऱ्या बुटांसकट घासायला लावलं. बाहेरचं बी आत येता कामा नये, मग ते कुणाच्याही पायाखालून येवो.

आता मुद्दा. तीन आठवड्यांपूर्वी मला एक पत्र आलं. तुमच्या गावाजवळ रानफुलांची नवी बाग होतेय, तिथल्या व्यवस्थापकबाईंचं. बियांच्या खोलीसाठी त्यांना माणूस हवाय आणि शिडीने अर्ज केलाय. (तुझ्या नवऱ्याला मी अजून शिडीच म्हणतो. त्याला कधी राग आला नाही, तुला मात्र येतो.) आमच्या बागेतून तो वर्षाच्या मध्येच का गेला, हे बाईंना जाणून घ्यायचं आहे. त्याच्या फायलीत माझ्या हातचा शेरा आहे, तो त्यांच्या कानावर गेलेला दिसतो. त्यांनी सरळच विचारलंय: बियांची किल्ली या माणसाच्या हाती निर्धास्त द्यावी का, ते महिनाअखेरपर्यंत कळवा. म्हणजे मी हो म्हटलं तर शिडी पुन्हा त्याच्या कामाला लागणार, आणि नाही म्हटलं तर गोदामात पोती उचलत राहणार. पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? त्याने अर्जात माझंच नाव का दिलं? कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्याकडून काहीतरी लेखी घ्यायचं आणि मग मला कात्रीत पकडायचं, असा त्याचा बेत असणार, आणि अक्कल तुझी असणार. मी हे मावशीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, पूर्वी काम केलं ते इथंच, मग नाव काय माझं देणार? तिचं म्हणणं बरोबर होतं, पण मला ते तेव्हा पटलं नाही. पत्र आठवडाभर टेबलावर पडून राहिलं आणि मी त्याच्याकडे येता-जाता तिरप्या नजरेने बघत राहिलो.

हे सगळं कुठून सुरू झालं ते मी माझ्या बाजूने तुला कधी सांगितलंच नाही. तू ऐकायला थांबली नाहीस आणि मीही नुसता ओरडत होतो. आपलं घर बागेच्या मागच्या भिंतीला लागून, आणि तुझ्या आईने माहेराहून आणलेली निळीची फुलझाडं अंगणभर. बागेचा नियम तर तुला पाठ आहे, इथल्या मातीतलं नाही ते इथं नको. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आमचा दोघांचा तह झाला होता: भिंतीच्या अलीकडे तिचं राज्य, पलीकडे माझं. अठ्ठावीस वर्षं तो तह मोडला नाही. निळीचं एक रोप कधी भिंत ओलांडून गेलं नाही, आणि याचं सगळं श्रेय मी माझ्या शिस्तीला देत होतो. आई गेली ती निळी बी धरायच्या दिवसांत. मी एकटा पडू नये म्हणून तुम्ही दोघं इकडे राहायला आलात, आणि त्याच थंडीत शिडी आमच्या बियांच्या खोलीत लागला. पुढच्या वसंतात मागच्या फाटकाच्या आत, पायवाटेच्या कडेला मला निळीची सात रोपं दिसली. सात! मी तिथंच उकिडवा बसून एकेक फूल तपासलं. फुलं अगदी अंगणातलीच, तोच रंग, पाकळ्यांच्या मधोमध तोच पांढरा ठिपका.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मी बसल्या जागी हिशेब मांडला. अंगणात जा-ये असणारी माणसं तीन. त्यातून मी वजा, मी तर नियम राखणारा. तू वजा, कारण तुला बागेपेक्षा दवाखाना प्रिय आणि तुझ्या पाळ्याच संपत नव्हत्या. उरला तो. शिवाय जेवताना तो एकदा म्हणाला होता की माळावर निळं काहीच नाही, नाही का? साधं वाक्य होतं. मी ते बरणीत घालून ठेवल्यासारखं जपलं आणि रोज झाकण काढून बघत राहिलो. सासऱ्याची बाग आपल्या पद्धतीने रंगवायला निघालाय, असं माझं ठाम मत झालं. तुम्ही दोघं हसत बसलात की मला वाटायचं माझ्यावरच हसताय.

त्याच्या पुढच्या वसंतात चाळीस रोपं आली. मग मी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. शिडी माझ्याआधी अर्धा तास घर सोडायला लागला होता, हे तुलाही आठवत असेल. एका सकाळी मी त्याच्या मागोमाग निघालो. मागच्या फाटकाच्या आत तो एवढा उंच माणूस घडी घालून बसला होता आणि दोन्ही हात मातीत. काय करतोस म्हटल्यावर दचकून उभा राहिला. माती बघतोय, म्हणाला. कान लालबुंद. मी मनात म्हटलं, सापडला! दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेलेला असताना मी त्याचा खण उघडला. आत एक पुडी होती, आणि पुडीत निळीचं बी. यापुढचं तुला ठाऊकच आहे. बागेच्या समितीचे तिघे बसले, मी पुडी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी शिडीला विचारलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, बाबांना तसं वाटत असेल तर तसंच लिहा. मी लिहिलं. परक्या जातीचं बी बाळगल्याचा पुरावा सापडला, असं लिहून खाली सही ठोकली. त्या संध्याकाळी तुम्ही सामान बांधलंत. दारात तू मला जे बोललीस ते शब्दन् शब्द आठवतं. त्यातला एकही चुकीचा नव्हता, हे मात्र मला आता कळतंय.

यंदा बाग सुरक्षित होती. चोर गेला होता, बियांच्या खोलीचं कुलूप मी बदललं होतं, माझ्या मनाची शांती परत येणार होती. आणि या वसंतात मागच्या वाटेला दोनशेच्या वर निळी उगवली. फाटकापासून थेट माझ्या हत्यारांच्या खोलीपर्यंत, दोन्ही कडांना, कुणी ओळीने लावल्यासारखी. मी काय निष्कर्ष काढला असेल? जाण्याआधी पठ्ठ्या मूठमूठ पेरून गेला! मग वाटलं, तो बसने येऊन टाकून जात असेल. मग वाटलं, त्याचा इथं कुणी साथीदार आहे. रोज सकाळी छत्री घेऊन फिरणाऱ्या त्या निवृत्त शिक्षिकाबाई आठवतात ना? पाऊस असो नसो, छत्री सोबत. एका दिवशी मी त्यांना छत्री उघडून झटकायला सांगितली. त्यांनी उघडली. आतून चष्म्याची रिकामी डबी पडली. त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलत नाहीत, पुढून येताना दिसलो तर वाट बदलतात. शेवटी मी पहाटे उजाडायच्या सुमाराला कापणीच्या खोपटामागे स्टूल टाकून बसायला लागलो, थर्मासमध्ये चहा घेऊन. सलग अकरा सकाळी. मागच्या फाटकातून रोज येणारा मला एकच माणूस माहीत होता, आणि तो तर स्टुलावर बसलेला होता. मावशी म्हणाली, दादा, आता तुमच्या यादीत मी आणि देव एवढेच उरलो. मी तिच्याकडेही क्षणभर नीट बघून घेतलं.

तर टेबलावरचं ते पत्र. मी ठरवलं की उत्तर द्यायचं ते मुद्देसूद द्यायचं, कुणी बोट ठेवू नये असं. पुराव्याचं नेमकं वर्णन लिहायचं म्हणून मागच्या मंगळवारी कुलपातली पुडी काढली. आपल्या बियांच्या खोलीची रीत तुला माहीत आहे. पुडीवर नुसता आकडा असतो आणि आत चिठ्ठी: बी कुठे मिळालं, कधी मिळालं, कुणी वेचलं आणि काही शेरा असेल तर तो. चिठ्ठी वाचल्याशिवाय बियाला हात लावायचा नाही, हे मी तीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आलोय. आणि त्या दिवशी खणातून पुडी निघाल्यावर मी काय केलं होतं? ती बोटांनी चाचपली, कोपऱ्यातून एक दाणा काढून ओळखला, आणि तशीच चिकटवून समितीपुढे नेली. चिठ्ठी उघडलीच नाही. वाचायचं काय, मला सगळं माहीतच होतं. मंगळवारी ती घडी उघडली. शिडीचं ते शिडशिडीत अक्षर. तारीख खण उघडला त्याच्या आठ महिने आधीची. जशी आहे तशी उतरवतो: ‘स्थळ: बाबांचा डावा मोजा. मूळ: आईंचं अंगण. शेरा: मागच्या वाटेवरची रोपं दिसतील तशी सकाळी उपटावीत. बाबांना सांगू नये, ते अंगण मोकळं करतील.’

मी घरी आलो आणि दाराशी बसून मोजे काढले. दोन्ही मोज्यांना घोट्यापाशी ते बारीक वाकड्या काट्यांचं बी चिकटलेलं. पायजम्याच्या काठाला आणखी. भिंगरे, मला एकदम तुझी आई दिसली. मी रोज सकाळी अंगणातून निघायचो आणि ती मला उंबऱ्यावर अडवायची, थांबा म्हणायची, आणि पायाशी बसून मोजे, पायजमा, बुटांच्या नाड्या सगळं निवडून काढायची. तांदूळ निवडावेत तसं. मी कटकट करायचो. मला उशीर होतोय, लोक बघतायत, काय हे पोरखेळ. अठ्ठावीस वर्षं मी समजत होतो की तिला माझे कपडे नीटनेटके हवे असतात. ती आमचा तह पाळत होती. ती गेली आणि उंबऱ्यावर अडवणारं कुणी राहिलं नाही, आणि मी रोज त्या वाटेने तिची निळी पेरत गेलो. पुढच्या फाटकावर साऱ्या जगाचे तळवे घासून घेणारा मी, मागच्या फाटकाला कधी ब्रश बसवला नाही, कारण इतकी वर्षं तिथून फक्त मीच यायचो. शिडी खाली बसून पेरत नव्हता, उपटत होता. तो होता तोवर चाळीसच उरली होती. तो गेला आणि दोनशे झाली. हा साधा हिशेब मला घालता आला नाही. मी तिथंच दाराशी बसून रडलो, आणि खूप वेळ रडलो, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याचा अंदाज खरा ठरला. बुधवारी सकाळी मी अंगण मोकळं केलं. उरलेलं बी पिकत आलं होतं, थांबून चालणार नव्हतं. मावशी मदतीला येते म्हणाली, तिला नको म्हटलं. प्रत्येक रोप मुळासकट काढून गोणीत भरलं आणि दुपारपर्यंत जमीन उघडी झाली. फार बोडकं दिसतंय. आई असती तर तिने न रागावता स्वतःच्या हाताने हे केलं असतं असं मला वाटतं, आणि मला हात लावू दिला नसता. शिडीची ती पुडी तेवढी राहिली आहे, डब्यात घालून बंद केलीय. ती तुमची आहे. तिचं काय करायचं ते मी ठरवणार नाही. त्याने हे तुला सांगितलं होतं का, असाही विचार मनात आला. पण नसणार. तुला माहीत असतं तर त्या संध्याकाळी दारात तू ते माझ्या तोंडावर फेकलं असतंस. म्हणजे त्याने तुझ्यापासूनही झाकून ठेवलं, आणि तुझ्या आईची फुलं वाचावीत म्हणून स्वतःवर चोरीचा शिक्का मारून घेतला.

व्यवस्थापकबाईंना मी काल उत्तर टाकलं. किल्ली निर्धास्त द्या, असं पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि ती निळी कुणाच्या मोज्यातून गेली तेही लिहिलं, माझ्या नावानिशी. त्याची एक प्रत समितीला दिली आणि फायलीतला शेरा माझ्या हाताने खोडून खाली सही केली. ते आता माझं काय करायचं ठरवतात ते कळलेलं नाही. ताकास तूर लागू देत नाहीत. शिडीला आधी विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, त्याने पुन्हा मलाच पाठीशी घातलं असतं, म्हणून त्याला न विचारता केलं. पण माफी अशी टपालाने मागायची नसते. मला त्याच्यासमोर उभं राहून ती मागायची आहे, आणि तुझ्यासमोरही. म्हणून हे पत्र तुला. येत्या रविवारी सकाळच्या बसने यावं म्हणतो, तू ये म्हणालीस तर. एका ओळीचं उत्तर पुरे. ते तू लिहिणार नाहीस असा मला संशय येतोय, खूप येतोय. माझे आजवरचे सगळे संशय खोटे निघाले, पोरी. एवढा आणखी एक खोटा कर.

तुझाच,
बाबा